चार म्हणून सांगितलेली चौदा वर्षं

मी एक जुनी चाकांची बॅग आहे. माझा रंग निळा होता. आता कोपऱ्यांवर तो उडालाय आणि आतलं करडं कापड दिसतंय. मला दोन चाकं आहेत, त्यातलं एक फिरत नाही. माझी चेन अर्ध्यावर येऊन अडते, मग तिच्यावर मेणबत्ती घासावी लागते. मित्रांनो, आज मला बघून तुम्हाला पटणार नाही, पण मी लांबलांबचे समुद्र पाहिले आहेत. ब्राझीलच्या एका बंदरात तिथल्या शिपायानं मला उघडून माझ्यातला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हुंगला होता. त्याला इतक्या शिंका आल्या की पुढची तपासणी न करताच त्यानं मला ढकलून दिलं.

पण फुशारकी सांगायला मी बसलेली नाही. मला दोन बहिणींची गोष्ट सांगायची आहे. आधी मी थोरलीची होते, मग धाकटीची झाले. थोरली आज मालवाहू जहाजाची कॅप्टन आहे. धाकटी लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसते. दोघींनी मला जपलं. एकमेकींना मात्र त्यांना जपता आलं नाही, आणि ते का, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला शिवणाऱ्या बाईनं शेवटचा दोरा दातानं तोडला, एवढं आठवतं. त्यानंतर मला एकदम सोलापूरच्या नव्या पेठेतलं दुकान आठवतं. मी तिथं छताच्या हुकाला टांगलेली होते. दोन हजार दहा सालचा जून महिना होता. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलेले एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन आले. ते नळदुर्गचे बंडप्पा. नळदुर्गला हायवेलगत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. थोरली मुलगी शिवरंजनी, अठरा वर्षांची. घरात तिला रंजनी म्हणत. धाकटी शिवप्रिया, चौदा वर्षांची. तिला नुसतं प्रिया. आईला दोघी अव्वा म्हणत.

रंजनीला जहाजाचं वेड कसं लागलं तेही सांगते. त्यांच्या दुकानासमोर ढाबा होता आणि तिथं कंटेनरचे ट्रक थांबत. ती लहानपणापासून त्या लोखंडी पेट्यांवरची परदेशी नावं वाचत बसे आणि ड्रायव्हरांना विचारी, ही पेटी कुठून आली? ते सांगत, जहाजातून. जहाज कोण चालवतं? कॅप्टन. बस्स, ते तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. अठरा वर्षांची होईपर्यंत तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. तरी बारावीनंतर तिनं प्रवेश परीक्षा दिली आणि जहाजाच्या कॉलेजात तिचा नंबर लागला.

दुकानदारानं मला हुकावरून खाली काढलं आणि बंडप्पांना विचारलं, "किती वर्सं टिकाया पायजे, मालक?"

बंडप्पा हसले. म्हणाले, "माझी लेक कॅप्टन व्हनार हाय. तेवढी टिकली की झालं. किती वर्सं लागतेत गं, रंजनी?"

रंजनीचा हात माझ्या दांडीवर होता. त्याला एकदम घाम सुटलेला मला कळला.

"चार," ती म्हणाली.

"मग गॅरंटीच पाच वर्सांची हाय," दुकानदार म्हणाला.

प्रियानं तिथंच बापाची बाही धरली. "अप्पा, अक्काची चार वर्षं झाली की माझी बारावी होतीय. मग मी जाणार. उदगीरला. जनावरांची डॉक्टर व्हायला."

घरात ही गोष्ट आधी झालेली होती. प्रियाला जनावरांचा फार लळा. दुकानात पेंड न्यायला आलेला शेतकरी म्हशीनं खाणं टाकलंय म्हणाला, की ही पोरगी पेंडीचं पोतं सोडून आधी म्हशीची चौकशी करी. पण बंडप्पांचा एक नियम होता. तो त्यांनी भर दुकानात पुन्हा सांगितला.

"एक बाहेर, एक घरात. तुमच्या अव्वाला सरकीच्या धुळीनं दम लागतो, दुकानाकडं कुनी बघायचं? अक्का कॅप्टन होऊन आली की तू सुट. ह्यो माझा शब्द."

प्रिया इतकी खूश झाली की घरापर्यंत ती मलाच ओढत आली. एसटी स्टँडवर तिनं मला मुद्दाम दोनदा गोल फिरवलं. माझी चाकं तेव्हा अशी गुळगुळीत पळायची!

दुसऱ्या दिवशी रंजनीनं माझ्यात कपडे भरले. सगळ्यात शेवटी तिनं पर्समधून कॉलेजची एक माहितीपुस्तिका काढली, इकडंतिकडं बघितलं आणि ती माझ्या आतल्या कप्प्यात, अगदी तळाशी सरकवली. मित्रांनो, बॅगेला वाचायला शिकवत नाहीत, पण आपल्या पोटात काय आहे ते तिला कळतंच. त्या पुस्तिकेत कॅप्टन होण्याचा तक्ता होता. एक वर्ष कॉलेज. मग दीड वर्ष जहाजावर शिकाऊ. मग परीक्षा. मग दीड वर्ष समुद्रावर अधिकारी म्हणून. पुन्हा परीक्षा. पुन्हा दीड-दोन वर्षं समुद्रावर, आणि पुन्हा परीक्षा. शिवाय हे दीड वर्ष म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातलं नव्हे. जहाजावर घालवलेले दिवस तेवढेच मोजतात. सुट्टीचे मोजत नाहीत, अभ्यासाचे मोजत नाहीत, जहाज मिळण्याची वाट बघण्याचे तर नाहीतच. तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, साधारण दहा ते बारा वर्षं.

तिनं ते वाचलेलं होतं. वाचूनच ती चार म्हणाली होती.

तिला वाईट मुलगी म्हणू नका. बारा म्हणाली असती तर तिला त्याच एसटीनं परत नेलं असतं आणि सहा महिन्यांत तिचं लग्न ठरलं असतं. तिला जायचं होतं. पण तिनं जी वर्षं मागून घेतली ती तिची एकटीची नव्हती. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं होतं. पण मला चेन आहे, तोंड नाही.

कॉलेजचं वर्ष भुर्रकन गेलं. पहाटे कवायत, दिवसभर नकाशे, तारे, गाठी. रंजनी पहिल्या पाचांत आली. मग मात्र आम्ही दोघी घरी येऊन बसलो. तिला ज्या कंपनीनं जहाज द्यायचं ती कंपनी दर महिन्याला पुढचा महिना सांगे. एकदा त्यांच्या माणसानं फोनवर सरळ सांगितलं की मुलीसाठी वेगळी खोली असलेलं जहाज सध्या नाही. मी पलंगाखाली धूळ खात अकरा महिने पडून होते. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, "बंडप्पा, झाली का पोरगी कॅप्टन?" आणि बंडप्पा म्हणत, "होतीय होतीय, वाटंवर हाय." गावात त्यांचं नावच कॅप्टनचा बाप पडलं होतं. ते नाव त्यांना आवडायचं.

दोन हजार बारा साली पहिलं जहाज मिळालं. कोळसा वाहणारं. रंजनी त्यावर शिकाऊ होती. शिकाऊ म्हणजे काय, तर खांद्यावर पट्टी नाही आणि कामाला अंत नाही. उन्हात बसून लोखंडाचा गंज खरवडायचा, रंग द्यायचा, दोरखंड ओढायचे, आणि मग अंघोळ करून वर जाऊन नकाशावर जहाजाची जागा टिपायची. तिच्या तळहातांना असे घट्टे पडले की माझी चेन ओढताना तिचा हात मला ओळखू येईना. वादळात मी खोलीभर घसरत असे, एकदा या भिंतीला, एकदा त्या. रंजनी ओकत असे आणि ओकून झालं की टोपी घालून पुन्हा कामावर जात असे. मला तिचा अभिमान वाटे. ते मी लपवणार नाही.

अशी तिची दीड वर्षं भरली आणि दोन हजार चौदाच्या जून महिन्यात आम्ही नळदुर्गला आलो. प्रियाचा बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि तिला भरघोस गुण होते. मी मधल्या खोलीत उघडी पडलेली होते. रंजनी माझ्यातून कपडे काढत होती. प्रिया हातात एक फॉर्म घेऊन आली आणि माझ्या कडेला मांडी घालून बसली.

"अक्का, चार वर्षं झाली."

रंजनी एक एक कपडा उगाच उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

"अप्पा म्हणतेत, तू हो म्हणालीस की फॉर्म भरायचा. पुढच्या शुक्रवारी शेवटची तारीख हाय. तू सांग की त्यांला."

"एक परीक्षा राहिलीय, प्रिया."

"एकच?"

"एकच."

"मग झालीस कॅप्टन?"

रंजनीनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, हे प्रियाला कळलं नाही. प्रियानं तिला हवं ते धरलं.

मित्रांनो, परीक्षा खरंच एकच राहिली होती. पण ती पास झाल्यावर माणूस कॅप्टन होत नाही, सगळ्यात खालचा अधिकारी होतो. खांद्यावर एक पट्टी येते. कॅप्टनला चार पट्ट्या असतात. आणखी तीन पट्ट्यांचं बोलणं रंजनीनं पुन्हा गिळलं. पहिलं खोटं तिनं परक्या दुकानात घाईगडबडीत सांगितलं होतं. हे दुसरं तिनं बहिणीच्या डोळ्यांत बघत सांगितलं. माझ्या मते हेच मोठं.

जेवताना बंडप्पांपुढं विषय निघाला. त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, "एकच परीक्षा राहिली म्हनती तर वर्सभर थांब की. एक बाहेर, एक घरात." सिद्धम्मा, म्हणजे मुलींची अव्वा, चुलीपुढून म्हणाल्या, "पोरीचं वय काय थांबतंय व्हय?" बंडप्पांनी आमटी वाढायला सांगितली. प्रियानं फॉर्म घडी करून भाकरीच्या पाटीखाली ठेवला. शुक्रवार आला आणि गेला.

पुढं काय झालं ते भराभर सांगते, कारण ते तसंच झालं. नवी मुंबईत एका खोलीत पाच मुलींबरोबर राहून रंजनीनं अभ्यास केला. लेखी परीक्षा पास झाली, तोंडी परीक्षेत नापास झाली. तोंडी घेणाऱ्या साहेबांनी टेबलावर छोटी छोटी लाकडी जहाजं मांडून विचारलं, धुक्यात समोरून हे आलं तर काय करशील? तिनं उत्तर दिलं, पण क्षणभर उशिरा. पुन्हा सहा महिने. दुसऱ्या खेपेला पास झाली. पुन्हा जहाजाची वाट. पहिली पट्टी खांद्यावर लागली तेव्हा दोन हजार पंधरा साल अर्धं सरलं होतं. तिकडं प्रियानं नळदुर्गच्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घालून ठेवलं होतं, तोवर म्हणून. तिनं जनावरांचं नाव काढणं बंद केलं होतं.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत एका विमानतळावर माझं चाक तुटून अडकलं. त्याच मे महिन्यात प्रियाचं लग्न झालं. स्थळ लोहाऱ्याचं होतं. गौरीशंकर नावाचा मुलगा, स्वभावानं गरीब, झेरॉक्सचं दुकान. सासरी न्यायच्या साड्या भरायला मोठी बॅग हवी होती. रंजनी म्हणाली, "हिचं चाक अडकतंय. मी नवी आणते."

प्रिया म्हणाली, "असू दे अक्का. जग फिरून आलेली बॅग हाय, लोहाऱ्यापर्यंत येईल की."

सगळे हसले. रंजनी हसली नाही. मी प्रियाच्या साड्या पोटात घेऊन जीपच्या टपावरून लोहाऱ्याला आले. तिथून पुढं मी समुद्र पाहिला नाही.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी प्रिया मला रिकामी करत होती. झाडून काढावं म्हणून तिनं आतल्या कप्प्यात हात घातला आणि तिच्या हाताला ती पुस्तिका लागली. रंजनी ती विसरून गेली होती. प्रियानं ती उघडली. तक्ता वाचला. बारीक अक्षरं वाचली. मागच्या पानावर दोन हजार दहा सालचा शिक्का होता, तोही वाचला. मग ती किती तरी वेळ माझ्यात दोन्ही हात टेकून बसली. रडली नाही. बाहेरून गौरीशंकरांनी हाक मारली, "अगं, कागद संपलाय, गठ्ठा दे." तिनं उठून गठ्ठा दिला. पुस्तिका तिनं पुन्हा होती तिथंच ठेवली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. रंजनीचा फोन आला की ती बोले, पण पाऊस पडला का, जेवलीस का, एवढंच. पुढं मला दुकानात काउंटरच्या खाली ठेवलं गेलं. माझ्यात कागदाचे गठ्ठे आणि कोरे फॉर्म असत. प्रिया दिवसभर यंत्रापुढं उभी राहून लोकांचे दाखले, गुणपत्रकं, कॉलेजांचे अर्ज काढून देई. उदगीरचा अर्ज आला तर ती कागद हातात येताच न वाचता उलटा करून यंत्रावर ठेवी, म्हणजे यंत्राचा उजेड त्यावर पडे आणि तिची नजर पडत नसे.

रंजनीला दुसरी पट्टी मिळाली, मग तिसरी. करोनाच्या साली कुठल्याच बंदरात माणसं उतरू देत नव्हते, तेव्हा ती चौदा महिने जहाजावर अडकून पडली. त्या वर्षी मी एक गोष्ट पाहिली. प्रियाच्या फोनमध्ये जहाजं कुठं आहेत ते दाखवणारा नकाशा होता. दुकान उघडलं की ती रंजनीच्या जहाजाचं नाव टाकून ते बाणासारखं चिन्ह शोधी. ते हललेलं दिसलं की फोन खाली ठेवी. फोन मात्र लावत नसे.

शेवटची परीक्षाही रंजनी पास झाली. पण कागद हातात आला म्हणून जहाज हातात येत नाही. कंपनीनं आणखी दोन वर्षं तिला तीन पट्ट्यांवरच फिरवलं. दोन हजार चोवीस साली ती कॅप्टन झाली. सोलापूरच्या दुकानात माझ्या दांडीवर हात ठेवून ती चार म्हणाली होती, त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

नळदुर्गला तिचा मोठा सत्कार झाला. हार, फेटा, भाषणं. प्रिया गेली नाही. दुकानाला सुट्टी देता येत नाही, असं तिनं कळवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी रंजनी आणि बंडप्पा गाडी करून लोहाऱ्याला आले. बंडप्पा आता काठी टेकत होते. गौरीशंकर भजी आणायला गेले. प्रियानं शटर अर्धं खाली ओढलं आणि दोघांना खुर्च्या दिल्या. स्वतः उभीच राहिली.

रंजनीनं पाणीही घेतलं नाही. ती म्हणाली, "अप्पा, तुमच्यापुढं आणि प्रियापुढं एक सांगायचंय. मी सोलापूरला चार वर्षं म्हणाले ते खोटं होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. आणि प्रिया, एक परीक्षा राहिली म्हणाले तेही..."

"मला आठ वर्षं झाली कळून," प्रिया म्हणाली. तिनं वाकून माझी चेन ओढली, ती नेहमीप्रमाणं अडकली, तिनं हिसका दिला आणि आतल्या कप्प्यातली पुस्तिका काढून काउंटरवर ठेवली. "तुझ्याच बॅगेत होती."

रंजनीनं त्या पुस्तिकेला हात लावला नाही. "मग मला शिव्या का दिल्या नाहीस?"

"देऊन काय वर्षं परत आली असती?"

मला वाटलं, आता सगळं बोलून झालं. थोरलीनं कबूल केलं, धाकटीनं ऐकलं, आता दोघी रडतील आणि मोकळ्या होतील. पण बंडप्पांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मलाबी ठावं व्हतं."

दोघी त्यांच्याकडं वळल्या.

"काय ठावं होतं?" प्रियानं विचारलं.

"हिला हॉस्टेलावर सोडून मी खाली आलो, तवा गेटवरच्या शिपायाला इचारलं. कॅप्टन व्हायला किती वर्सं? त्यो म्हनला, मामा, बारा-तेरा धरा, तेबी समदं सुरळीत झालं तर."

"पहिल्याच दिवशी?" रंजनीचा आवाज चिरकला. "मग मला तिथूनच परत का नेलं नाहीत?"

"कसं नेनार? गावभर पेढे वाटले व्हते." मग प्रियाकडं न बघता म्हणाले, "आन् ही घरात पायजे व्हती. तुमच्या अव्वाला पायजे व्हती, दुकानाला पायजे व्हती. दोगी गेल्या असत्या तर आमी दोघं काय करनार व्हतो? तू चार म्हनलीस. मला ते बरं पडलं."

मित्रांनो, मी वादळात जहाजाच्या भिंतींवर आपटले आहे. विमानतळांवर माणसांनी मला फेकलं आहे. पण "मला ते बरं पडलं" हे चार शब्द त्या म्हाताऱ्या माणसानं अगदी हळू आवाजात उच्चारले, आणि ते जेवढे लागले तेवढं आधीचं काहीच मला लागलं नव्हतं.

प्रिया काउंटरला टेकली. "म्हणजे अक्काला ठावं होतं. तुम्हालाबी ठावं होतं. दोघांनी मनातल्या मनात बारा मोजली. चार खरं धरून बसलेली मी एकटीच होते."

"पोरी..."

"न्हाय अप्पा. अक्कावर मी आठ वर्षं रागावले. निदान ती तिच्या जिवासाठी खोटं बोलली. तुम्ही गप बसलात ते माझ्या जिवावर."

रंजनी उठली आणि तिनं बहिणीचे खांदे धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू अजून शिक. अठ्ठावीस म्हणजे काही वय नाही. मी सगळं बघते. पाहिजे ते शिक."

"किती वर्षं बघशील?" प्रियानं विचारलं. "खरं सांग."

तीन आठवड्यांनी रंजनीला जहाजावर हजर व्हायचं होतं. प्रियानं तिचे हात हळूच खांद्यावरून खाली काढले. तेवढ्यात गौरीशंकर भजी घेऊन आले. सगळ्यांनी भजी खाल्ली, चहा घेतला. गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. जाताना बंडप्पांनी प्रियाच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला, एवढंच. ती वाकून पाया पडली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच पडली नाही.

त्यानंतर महिनाभरात पावसाळी प्रवेशांची गर्दी सुरू झाली. एके दिवशी एक मुलगी आयुर्वेदाच्या कॉलेजचे कागद घेऊन आली. प्रियानं कागद घेतले आणि सहज विचारलं, "किती वर्षांचं असतं गं हे?"

"साडेचार."

"पुढं दवाखान्यात एक वर्ष काम करावं लागतं ना?"

मुलगी हसली. "लागतं. पण ते घरी न्हाय सांगितलं. साडेपाच म्हटलं की पप्पा नगंच म्हणतील."

प्रियानं यंत्राचं झाकण मिटलं. सगळे कागद गोळा केले, टोकं जुळवली आणि त्या मुलीच्या हातात परत दिले. "आधी घरी जा. साडेपाच सांग. नगं म्हणाले तर भांड, जेवू नकोस, पण साडेपाचच सांग. मग ये, मी सगळं काढून देते. घरात धाकटं कुणी हाय?"

"भाऊ हाय. आठवीत."

"मग तर सांगच."

मुलीनं तिच्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं, कागद पिशवीत कोंबले आणि ती रस्ता ओलांडून गेली. काउंटरच्या खालून मला रस्त्यापलीकडचं, कचेरीशेजारचं दुकान दिसतं. तिथंही झेरॉक्सचं यंत्र आहे. पाच मिनिटांत तिचं काम झालं. प्रियानंही ते पाहिलं. मग तिनं पुढच्या गिऱ्हाईकाचा सातबारा हातात घेतला.

मित्रांनो, माझ्यासारख्या बॅगेची काळजी घ्या, तिला फरफटू नका, चाकातली घाण काढत जा, हे मी तुम्हाला सांगायला हवं. ते तर कराच. पण बॅग मोडली तर नवी मिळते. तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर व्हायचं असेल, कुणाला विमान चालवायचं असेल, कुणाला जहाज. जरूर जा. लांब असेल तर लांब जा. फक्त निघताना घरच्यांना वर्षं खरी सांगा. आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही माझा निरोप द्या, की तुम्हाला खरा आकडा कळला असेल तर तो पोरांपासून झाकून ठेवू नका. दाराशी कुणी तरी आपली पाळी धरून उभं असतं. ते तुमच्या शब्दावर उभं असतं, आणि उभं राहता राहता त्याचं वय निघून जातं.